डोळे आले होते का?

घाटी रुग्णालयात पायांतली ताकद अचानक गेलेला माणूस आला, की डॉक्टर गुडघ्यावर हातोडी हलकेच ठोकून पाहतात आणि मग मागच्या महिनाभराची चौकशी करतात. ताप? जुलाब? डोळे आले होते का? नातेवाइकांना कळत नाही, लुळ्या पायांचा डोळ्यांशी काय संबंध.

हा संबंध 1971 मध्ये मुंबईत उघड झाला. 1969 मध्ये घानात सुरू झालेली डोळ्यांची नवी साथ तेव्हा मुंबईत पसरली होती. डोळे लालभडक होत आणि थोड्या दिवसांत बरेही होत. पण काहींना दोन-तीन आठवड्यांनी कंबरेत आणि पायांत कळा येऊ लागल्या, मग पाय लुळे पडले. हे बहुतेक प्रौढ होते. डॉ. नोशीर वाडिया आणि सहकाऱ्यांनी हे रुग्ण 'लॅन्सेट'मध्ये नोंदवले. कारण निघालं एंटेरोव्हायरस 70, पोलिओच्याच कुळातला. त्याची वाढ 33 अंशांच्या आसपास चांगली होते, म्हणून शरीरातला जरा थंड भाग, म्हणजे डोळा, त्याला मानवतो. मात्र क्वचित तो मज्जारज्जूत शिरतो आणि स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशींना इजा करतो. त्या पेशी मेल्या तर परत येत नाहीत.

जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गुलियन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हाही लोकांना पाय लुळे पडण्याचीच भीती होती. आतली गोष्ट मात्र वेगळी होती. अनेकांना आधी जुलाब झाले होते. तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. कॅम्पिलोबॅक्टरच्या आवरणावरची साखर आपल्या मज्जातंतूंवरच्या साखरेसारखी असते. त्यामुळे जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं नसांवरच तुटून पडतात, तेही बऱ्याचदा जंतू निघून गेल्यावर.

हा फरक ओळखायला पाठीतलं पाणी काढतात. गुलियन-बॅरेत त्यात प्रथिनं वाढतात, पेशी फारशा नसतात, आणि अशक्तपणा दोन्ही पायांत सारखाच वर चढतो. विषाणू थेट आत शिरला असेल तर सुरुवातीला पेशी वाढलेल्या दिसतात आणि एक पाय दुसऱ्याहून जास्त गेलेला असतो. उपचार यावरच ठरतो: गुलियन-बॅरेत इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणं उपयोगी पडतं, पेशी मेल्यावर त्याचा काही फायदा नाही.

जंतू आणि मज्जासंस्था यांच्या नात्यात मल्टिपल स्क्लेरोसिस या आजाराचं कोडं याहून किचकट आहे. 2022 मध्ये अमेरिकी सैनिकांच्या नोंदींवरून दिसलं, की एप्स्टाइन-बार विषाणूच्या लागणीनंतर या आजाराचा धोका 32 पट वाढतो. पण हा विषाणू जगातल्या 90 टक्क्यांहून अधिक प्रौढांत असतो आणि आजार मोजक्यांनाच होतो. म्हणजे तो एकटा पुरेसा नाही.

पुन्हा लुळ्या पायांकडे येऊ. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर पोलिओच्या देखरेखीखाली त्याची नोंद होते आणि 14 दिवसांच्या आत, 24 तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेतले जातात. बहुतेक एंटेरोव्हायरस पाठीच्या पाण्यापेक्षा शौचात सहज सापडतात. मोठ्या माणसाची नोंद मात्र पोलिओचा संशय आला तरच होते, आणि 1971 मधले रुग्ण तर बहुतेक मोठेच होते.