मायएसक्यूएल ८.०
मायएसक्यूएल ८.० ही ओरॅकल कंपनीच्या मायएसक्यूएल या संबंधात्मक विदागार प्रणालीची आवृत्ती आहे. ती सर्वसाधारण वापरासाठी १९ एप्रिल २०१८ रोजी प्रकाशित झाली. या आवृत्तीत अनेक पूर्वनिर्धारित मांडण्या बदलण्यात आल्या.

अक्षरसंच
पूर्वीचा लॅटिन-१ हा पूर्वनिर्धारित अक्षरसंच पश्चिम युरोपीय भाषांपुरता होता आणि त्याचा वर्णक्रम स्वीडिश होता. त्याच्या जागी युनिकोडवर आधारित यूटीएफ८एमबी४ हा संच आला. लॅटिन-१ स्तंभात ‘पारनेर’ हे गावाचे नाव भरल्यास प्रणाली त्रुटी दाखवते. काटेकोर पद्धत बंद असल्यास अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे साठवली जातात. नव्या संचात या नावातील ६ युनिकोड चिन्हे प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे एकूण १८ बाइट जागा घेतात.

जुनी विदा
हा बदल नव्याने निर्माण केलेल्या विदागारांना लागू होतो. आवृत्ती अद्ययावत केली तरी जुन्या तक्त्यांचा अक्षरसंच तोच राहतो. तो स्वतंत्रपणे बदलावा लागतो. प्रश्नचिन्हे झालेला मजकूर मात्र रूपांतराने परत मिळत नाही; त्यासाठी मूळ नोंद किंवा जुनी प्रत आवश्यक असते.

इतर बदल
परवलीच्या शब्दाची पडताळणी एसएचए-२ पद्धतीने होऊ लागली. त्यामुळे ही पद्धत न जाणणाऱ्या जुन्या आज्ञावलींची जोडणी अयशस्वी होऊ शकते. बदलांची द्विमान नोंदवहीही आपोआप सुरू राहू लागली.