खामकाठचे सांडपाणी आणि काळी जमीन

वैशाख लागला की वाळूजच्या शिवारातील विहिरी तळ गाठू लागतात. गावाजवळून जाणारी खाम नदी मात्र वाहतच असते. या भागात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो व तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. तेव्हा भर उन्हाळ्यात नदीत दिसणारे पाणी पावसाचे नसून माणसाने वापरून टाकलेले पाणी होय, हे वेगळे सांगावयास नको. उत्तरेकडील डोंगरांतून निघालेली ही नदी छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरातून येते, वाळूजवरून खाली जाते व नाथसागराला मिळते. शहराला व वाळूजच्या औद्योगिक वसाहतीला पाणी येते तेही नाथसागरातूनच. म्हणजे वर उचललेले पाणी वापरून झाल्यावर पुन्हा त्याच जलाशयाकडे परतते, आणि वाटेत खामकाठचा शेतकरी त्यात आपला पंप सोडतो.

त्याला दोष देता येणार नाही. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्याच्या कारखान्यांचे पाणी ६० टक्क्यांनी व इतर कारखान्यांचे २५ टक्क्यांनी कमी करण्याचा आदेश दिला होता. जेथे कारखान्यांच्या पाण्यालाही कात्री लागते, तेथे दारात वाहणारे पाणी शेतकऱ्याने सोडून द्यावे असा उपदेश करणे सोपे, पण निरर्थक आहे. प्रश्न आहे तो हे पाणी पारखून घेण्याचा. आणि येथेच बहुतेकांची चूक होते. पाण्याला घाण वास येत असला तर ते वाईट व वास गेला की चांगले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जमिनीच्या दृष्टीने ती पुष्कळ अंशी उलटी आहे.

घरगुती सांडपाण्याचा वास हा त्यातील कुजणाऱ्या सेंद्रिय द्रव्याचा असतो. अशा पाण्यात नत्र व स्फुरद असतात व ते पिकाला लागू पडतात. समजा, एक लिटर पाण्यात ३० मिलिग्रॅम नत्र आहे. एक हेक्टर क्षेत्राला ६ सेंटीमीटर खोलीची एक पाळी दिली तर ६०० घनमीटर पाणी लागते व त्यातून १८ किलो नत्र जमिनीत जाते. हे सुमारे ३९ किलो युरियाइतके झाले. सांडपाण्यावरचा ऊस किंवा गवत काळेभोर दिसते ते यामुळेच. मात्र असे पाणी देऊन वर नेहमीची खतमात्राही दिली तर कपाशी नुसती माजते, बोंडे उशिरा धरते व किडीला बळी पडते. पाण्यातून आलेले नत्र खताच्या हिशेबातून वजा केलेच पाहिजे.

आता त्याच पाण्यातील क्षारांचा हिशेब पाहू. पाण्याची विद्युतवाहकता २ डेसिसायमन प्रति मीटर असेल, तर त्यात दर लिटरला साधारणपणे १,२८० मिलिग्रॅम विद्राव्य क्षार असतात. वर सांगितलेल्या एका पाळीने हेक्टरी सुमारे ७७० किलो क्षार शेतात येऊन पडतात. पीक पाणी पिते, उन्हाने पाणी उडून जाते. क्षार मात्र जागेवर राहतात. त्यांना वास नाही, रंग नाही. शुद्धीकरण केंद्रातूनही ते जसेच्या तसे पुढे येतात. शहराच्या कांचनवाडी येथील केंद्राची क्षमता दररोज १६१ दशलक्ष लिटर आहे. अशा केंद्रात कुजणारा भाग कमी होतो, गाळ बसतो व पाणी दिसावयास स्वच्छ होते. पण विरघळलेले मीठ काढण्यासाठी ती केंद्रे बांधलेलीच नसतात. वाळूजच्या वसाहतीत कारखान्यांसाठी सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. तेथून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या बाबतीतही शेतकऱ्याने निर्मळपणावर न जाता क्षाराचा आकडाच विचारावा.

क्षारांतही सोडियम हा काळ्या जमिनीचा खरा वैरी होय. या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण फार असते. कॅल्शियममुळे तिचे कण एकत्र राहतात, ढेकूळ भुसभुशीत होते व पाणी खाली उतरते. सोडियम वाढला की तो कॅल्शियमला हुसकावून लावतो. याची खूण उन्हाळ्यात दिसत नाही, कारण तोपर्यंत पाण्यातील इतर क्षारांमुळे कण कसेबसे चिकटून असतात. मृगाचा पाऊस पडतो, वरचे क्षार धुऊन जातात, सोडियम तेवढा मातीला धरून राहतो आणि माती विस्कटते. शेतात पाणी तुंबते, पाय घसरतो, वाळल्यावर वर कडक पापुद्रा धरतो व बी उगवून वर येत नाही. जमीन चोपण झाली असे शेतकरी म्हणतो. त्या वेळी तो पावसाला बोल लावतो. वास्तविक बीज पेरले गेलेले असते चैत्र-वैशाखातील पाण्याने.

यासाठी विहिरीच्या किंवा नदीच्या पाण्याची परीक्षा करून घेणे अगत्याचे आहे. पंप १५ ते २० मिनिटे चालू ठेवून मग एक लिटरची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीन वेळा विसळून काठोकाठ भरावी. खताची वा औषधाची बाटली कदापि घेऊ नये. बाटलीवर नाव, गट क्रमांक, दिनांक व पाणी विहिरीचे की नदीचे ते लिहून ती विनाविलंब जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत पोहोचवावी. अहवालात सामू, विद्युतवाहकता, सोडियम शोषण गुणोत्तर व अवशिष्ट सोडियम कार्बोनेट हे चार आकडे पाहावेत. वाहकता ०.७५ च्या आत असल्यास चिंता नाही, २.२५ च्या वर गेल्यास ते पाणी भारी जमिनीला देऊ नये. अवशिष्ट सोडियम कार्बोनेट १.२५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरपर्यंत चालते, २.५ च्या पुढे चालत नाही. सोडियम शोषण गुणोत्तराची मर्यादा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सिंचन वर्गात २६ दिली आहे. ती सर्व प्रकारच्या जमिनी धरून आहे. काळ्या जमिनीच्या मालकाने १० च्या पुढे गेल्याबरोबर सावध व्हावे.

मधल्या प्रतीचे पाणी असेल तर ते चांगल्या विहिरीच्या पाण्याशी आलटून पालटून द्यावे. उगवणीच्या वेळी रोप कोवळे असते, तेव्हा पहिली पाळी चांगल्या पाण्याचीच असावी. कपाशी क्षार बऱ्यापैकी सोसते, ज्वारी व बाजरी मध्यम. हरभरा, घेवडा, कांदा व मोसंबी सोसत नाहीत. या पाण्यावर मोसंबीची बाग धरणे म्हणजे दहा वर्षांची मेहनत पणाला लावणे होय. जमीन चोपण होऊ लागली असल्यास परीक्षणानुसार जिप्सम पावसाळ्यापूर्वी वरच्या थरात मिसळावे. परंतु आधी निचऱ्याचे चर काढावेत. निघालेला सोडियम वाहून जाण्यास वाट नसेल तर जिप्समचा पैसा वाया जातो.

कारखान्याचे पाणी घरगुती पाण्यात मिसळले की आणखी एक भर पडते, ती जड धातूंची. जर्मनीतील बर्लिन शहराने १८७० नंतरच्या दशकांत आपले सांडपाणी शहराबाहेरील शेतांवर सोडण्यास आरंभ केला व त्यावर विपुल भाजीपाला पिकविला. पुढे त्यात उद्योगांचे पाणी मिसळत गेले. सुमारे शंभर वर्षांनी ही शेते बंद करावी लागली, तेव्हा मातीत कॅडमियम, शिसे, तांबे व जस्त साठलेले आढळले. धातू कुजत नाहीत आणि चिकणमाती त्यांना धरून ठेवते. पालेभाज्या कॅडमियम सहज उचलतात. म्हणून जेथे कारखान्याचे पाणी मिसळते त्याच्या खालच्या बाजूस पालक, मेथी, कोथिंबीर घेऊ नये. आणि मुळा, गाजर, काकडी यांसारखा कच्चा खावयाचा माल तर कोणत्याही कच्च्या सांडपाण्यावर नकोच, कारण जंतांची अंडी त्यातून थेट घरात येतात. पाणी शेततळ्यात आठ-दहा दिवस स्थिर ठेवल्यास ही अंडी बहुतांशी तळाशी बसतात. तळ्याला अस्तर असावे, नाहीतर ते झिरपून पिण्याच्या विहिरीत उतरेल. पाणी तुषारने न देता सरीतून द्यावे, पाणी देणाऱ्याने गमबूट घालावेत आणि ओला चारा वाळल्याखेरीज जनावरांपुढे टाकू नये.

नदीला एकाएकी रंग, फेस किंवा रसायनाचा उग्र वास आला तर पंप ताबडतोब बंद करावा व दिवस, वेळ आणि जागा लिहून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला त्याच दिवशी कळवावे. न्यायालयात मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर घेतलेला नमुनाच ग्राह्य धरला जातो. पाणी वाहून गेल्यावर केलेल्या तक्रारीत त्याला काही हाती लागत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने खामकाठच्या विहिरींची यादी करून प्रत्येकीचा नमुना वर्षातून दोनदा, मे महिन्यात व पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात, पाठवावा. दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. जिचा ऑक्टोबरचा आकडाही मेच्या आकड्याच्या खाली उतरत नाही, त्या विहिरीच्या मालकाकडे प्रथम जावे.