बाळ अंगावर पितंय, पित्ताची गोळी घेऊ का?

बाळंतपणानंतर छातीत जळजळ, आंबट ढेकर, पोट फुगणं हा त्रास बऱ्याच जणींना होतो. रात्रीची जागरणं, अवेळी जेवण, त्यात उपाशीपोटी घेतलेली लोहाची गोळी. मग कुणीतरी वडखळ नाक्यावरच्या मेडिकलमधून पित्ताची गोळी आणतं आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, "आता दोन दिवस अंगावर पाजू नकोस, औषध दुधात उतरेल."

औषध दुधात उतरतं हे खरं, पण किती उतरतं ते बघायला हवं. पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल दुधात अगदी किंचित येतं. तेवढंही बाळाच्या पोटातल्या आम्लात बरंचसं नष्ट होतं. आम्लात ते टिकत नाही म्हणून तर गोळीवर आवरण असतं. ती कुटून किंवा चावून घेऊ नका. चमच्याने घ्यायचं पित्ताचं पातळ औषध तर आईच्या रक्तातच फारसं जात नाही. यांच्यासाठी पाजणं थांबवायचं कारण नाही. थांबवलंत तर छाती दाटते, दूध कमी होतं, आणि बाटलीच्या वरच्या दुधाने बाळाला जुलाब लागायची भीती. पावसाळ्यात तर विचारूच नका.

गोळीच्या पाकिटावरचं नाव मात्र नीट वाचा. पुढे 'डी' असेल तर बहुधा आत डॉम्पेरिडोन हे दुसरं औषधही असतं. ते उलटी-मळमळीचं. त्याने दूध वाढतं असं ऐकून काही जणी ते मनानेच घेतात. ते करू नका. हृदयाचे ठोके बिघडू शकतात म्हणून अमेरिकेच्या औषध खात्याने २००४ मध्येच दूध वाढवायला ते वापरू नका असं बजावलं. युरोपात २०१४ पासून ते कमी मात्रेत आणि सहसा आठवडाभरच देतात. कुणाला हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचंच.

पाण्यात फसफसणारी पूड किंवा खायचा सोडा यांत सोडियम भरपूर. गरोदरपणी बीपी वाढलं होतं त्यांनी त्याच्या नादी लागू नये.

आशाताई देतात ती लोहाची गोळी बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायची असते. जळजळते म्हणून बंद करू नका, जेवणानंतर घेऊन बघा. पित्ताचं पातळ औषध आणि लोह यांत दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह अंगी लागत नाही.

आणि एक. बाळंत होऊन सहा आठवडे झाले नसतील, पोटात वरच्या बाजूला दुखतंय, सोबत डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर ते पित्त समजून गोळी खात बसू नका. बीपी वाढल्याची ती खूण असू शकते. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी, चिकट शी झाली तरी तसंच. १०८ला फोन करा, पेणचं उपजिल्हा रुग्णालय गाठा, आणि बाळाला सोबत घेऊन जा.