सुटका केलेल्या हत्तींचा खर्च कोण उचलतो?

हत्तीची सुटका एका दिवसात होते, पण त्याचा सांभाळ पुढे अनेक वर्षे चालतो. उत्तर प्रदेशात मथुरेजवळ 'वाइल्डलाइफ एसओएस' ही संस्था अशा हत्तींचे केंद्र चालवते. संस्था १९९५ मध्ये स्थापन झाली. २०१८ मध्ये केंद्राजवळ हत्तींसाठी खास रुग्णालयही उभे राहिले. साखळदंडांत अनेक वर्षे काढलेला राजू हा हत्ती २०१४ मध्ये या केंद्रात आला. महाराष्ट्रात भीक मागण्यासाठी फिरवली जाणारी हत्तीण लक्ष्मीही इथलीच. लोकांनी दिलेल्या गोड आणि तळलेल्या खाण्याने तिचे वजन धोकादायकरीत्या वाढले होते.

प्रौढ हत्तीला रोज साधारण दीडशे किलो चारा लागतो. त्याहून चिवट खर्च पायांचा असतो. तापलेल्या डांबरावर आणि सिमेंटवर वर्षानुवर्षे चालून तळवे झिजतात, नखे फुटतात, गळू होतात. मग औषधी पाण्यात पाय शेकणे, नखे घासणे, मलमपट्टी हे सतत चालू ठेवावे लागते. सांधेदुखीच्या हत्तींना पाण्याच्या हौदात उभे करून सांध्यांवरचा भार हलका करतात. माहुतांचे पगार वेगळेच.

या खर्चाचा मोठा भाग देणग्यांतून भागतो. सुटकेची बातमी गाजली की पैसा येतो, नंतर आटतो. चारा मात्र रोजच लागतो. म्हणूनच एखाद्या हत्तीचे मासिक पालकत्व घेण्याची योजना सर्वांत उपयोगी ठरते. रक्कम लहान असली तरी चालेल, ती दरमहा द्यावी; आणि देण्याआधी संस्थेची नोंदणी व वार्षिक हिशेब जरूर तपासावेत.