पुढाऱ्यांची मुले आणि आपले कुतूहल



पुढाऱ्याचे भाषण ऐकून माणसे घरी परततात तेव्हा वाटेत बोलणे निघते ते बहुधा भाषणाचे नसते. 'यांचा मुलगा काय करतो हो?', 'मुलगी परदेशी असते म्हणे', असेच काहीतरी चालते. आम्ही तीस वर्षे कामगारांच्या सभा भरवीत आलो, आणि सभेनंतरच्या चहाबरोबर हे प्रश्न हमखास ऐकत आलो. काही विद्वान या कुतूहलाला हलके समजून झिडकारतात. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीतल्या कपाटातले. त्या शिदोरीवर आम्हांस असे दिसते की, हे कुतूहल एक नसून दोन आहेत. एक हिशेब मागणारे आणि दुसरे खिडकीतून डोकावणारे. दोन्ही एकाच तोंडाने बोलतात, म्हणून घोटाळा होतो.

ही दोन्ही कुतूहले एकाच माणसाच्या वाट्याला आलेली पाहावयाची असतील, तर महात्मा गांधींचे थोरले चिरंजीव हरिलाल यांच्याकडे पाहावे. त्यांचा जन्म १८८८ चा. दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहात त्यांनी पुन्हा पुन्हा तुरुंगवास सोसला. त्यांस बॅरिस्टर व्हावयाचे होते. परंतु एका स्नेह्याने विलायतेतील शिक्षणाचा खर्च देऊ केला, तेव्हा वडिलांनी ती संधी मुलास न देता दुसऱ्यास दिली. १९११ साली हरिलाल घर सोडून वेगळे झाले.

पुढे कलकत्त्याच्या एका कंपनीच्या संचालकांत त्यांचे नाव झळकले. गांधींच्या मुलाचे नाव पाहून लायलपूरच्या एका गृहस्थाने तीत पैसे गुंतविले. कंपनीचे काही कळेनासे झाले, तेव्हा त्याच्या वकिलाने थेट गांधींनाच पत्र धाडले. गांधींनी काय केले? 'हा आमच्या घरचा प्रश्न आहे' असे म्हटले नाही. जून १९२५ मध्ये ते पत्र आणि आपले उत्तर त्यांनी 'यंग इंडिया'त छापून टाकले. हरिलाल आपला मुलगा आहे, पण त्याच्या व्यवहाराशी आपला संबंध नाही, आणि मोठे नाव पाहून कोणी पैसे गुंतवू नयेत, असा त्या उत्तराचा आशय होता. वकिलाचा प्रश्न रास्त होता. त्याच्या अशिलाचा पैसा बापाच्या नावावर गेला होता.

आता १९३६ साल पाहा. हरिलाल यांनी इस्लाम स्वीकारला आणि अब्दुल्ला हे नाव घेतले. वर्तमानपत्रांस आणि सभावाल्यांस पर्वणी लाभली. व्यसनांनी आणि कर्जांनी खचलेल्या, पत्नी कधीच गमावलेल्या एका माणसाला लोक मंचावर मिरवू लागले. गांधींना 'हरिजन'मध्ये निवेदन द्यावे लागले. कस्तुरबांच्या नावाने मुलास उद्देशून जाहीर पत्र निघाले. त्याच वर्षी हरिलाल आर्य समाजामार्फत परतले, तेव्हा तोच खेळ उलट बाजूने झाला. यात कोणाचा पैसा बुडाला होता? कोणाचे सरकारी पद गैरमार्गाने गेले होते? कोणाचेच नाही. बापाला डिवचण्यासाठी लेकाला पुढे करण्यात आले, एवढेच. १८ जून १९४८ रोजी मुंबईत शिवडीच्या रुग्णालयात हरिलाल क्षयाने वारले. बापाच्या खुनाला तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते.

आज कायदा या बाबतीत काय सांगतो तेही समजून घेऊ. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे निवडणुकीच्या उमेदवाराला आपली, पती किंवा पत्नीची आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता शपथपत्रावर लिहावी लागते. अवलंबून म्हणजे ज्याला स्वतंत्र कमाई नाही तो. तेव्हा जो मुलगा कमावता झाला, तो त्या कागदातून सुटला. खरा प्रश्न तर तेथूनच सुरू होतो. ठेका कोणाला मिळाला, कारखान्याच्या, बँकेच्या संचालक मंडळावर कोण बसला, भूखंड कोणाच्या नावे झाला? हे कागदावर दिसत नाही, म्हणून लोक कुजबुजीत शोधतात. आणि कुजबूज एकदा सुरू झाली की ती ठेक्यापाशी थांबत नाही, मुलीच्या लग्नापर्यंत जाते.

दुसऱ्यांचे सांगितले, आता स्वतःचे सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात पगारवाढीच्या कराराची बोलणी चालू होती आणि आम्ही त्यांत युनियनच्या बाजूने बसत होतो. त्याच सुमारास आमचा मुलगा त्या कारखान्याला माणसे पुरविणाऱ्या ठेकेदाराच्या कचेरीत लागला. आम्ही ही गोष्ट कोणास सांगितली नाही. गेटसभेत एकाने विचारलेच. आम्ही खवळलो. 'माझ्या पोराला मध्ये आणू नका,' असे ओरडलो. तेव्हा एक जुना फिटर शांतपणे म्हणाला, "भाऊ, पोराची चौकशी कोण करतोय? आम्ही आमच्या कराराची करतोय."

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर चूक कबूल केली आणि बोलणीतून बाजूस झालो. मुलाने नोकरी सोडली नाही; तो सज्ञान होता, आम्ही त्यास सोड म्हटलेही नाही. त्याच सभासदांपैकी काहींनी पुढे आमच्या मुलीच्या आंतरजातीय लग्नाविषयी खोदून विचारले, तेव्हा मात्र आम्ही उत्तर दिले नाही, आणि त्याचा आम्हांस आजही पश्चात्ताप नाही.

म्हणून आमची कसोटी त्या फिटरची आहे. पुढाऱ्याच्या मुलाविषयी प्रश्न ओठांवर आला की आधी स्वतःस विचारावे, यात आपले काय गुंतले आहे? आपला पैसा, आपले मत, आपला करार त्यात असेल तर प्रश्न मोठ्याने, भर सभेत विचारावा आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नये. तसे काही नसेल, तर ते मूल कोणाचेही असो, त्याला आपल्या मुलासारखेच वाटेने जाऊ द्यावे.