अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका

लवासाच्या बाजूने तपासणीला येणाऱ्या एका आजोबांना मी विचारले, ‘घर किती लांब?’ ते म्हणाले, ‘तसं समोरच्याच काठाला, पण वळसा घालून यावं लागतं.’ मोसे नदीवरील वरसगाव धरणाचे पाणी मध्ये, भोवती सह्याद्रीचे चढ. इथे अंतर किलोमीटरमध्ये नव्हे, वेळेत आणि दमात मोजावे लागते.

आरोग्यसेवेने हे काही प्रमाणात मान्य केले आहे. सपाट भागात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, तर डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० मागे, असा निकष आहे. ग्रंथालयांचे काय? आपल्याकडे १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. बहुतेक ग्रंथालये स्थानिक संस्था चालवतात आणि शासन त्यांना अ, ब, क, ड वर्गानुसार अनुदान देते. त्यामुळे जिथे उत्साही मंडळी जमली, तिथे वाचनालय उभे राहिले. जिथे कोणी जमले नाही, तिथली उणीव कुठल्याच यादीत दिसत नाही.

ती नकाशावर दिसते. संगणकावर रस्ते, वस्त्या, लोकसंख्या, जमिनीची उंची आणि सध्याची वाचनालये असे थर एकमेकांवर ठेवायचे. यालाच भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे जीआयएस म्हणतात. मात्र वाचनालयाभोवती दोन किलोमीटरचे वर्तुळ काढून ‘एवढ्यांची सोय झाली’ म्हणणे फसवे आहे. त्या वर्तुळात पलीकडचा काठही येतो.

ही चूक टाळण्याची वाट एका डॉक्टरानेच दाखवली. १८५४ मध्ये लंडनमधील कॉलऱ्याच्या साथीत जॉन स्नो यांनी मृत्यू नकाशावर मांडले. पुढे त्यांनी कोणत्या घराला कोणता पंप जवळ, हे सरळ रेषेने नव्हे, तर चालण्याच्या रस्त्याने ठरवले.

डोंगरात चढही मोजायला हवा. गिर्यारोहकांचा जुना ठोकताळा असा : तासाला ५ किलोमीटर चाल आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. म्हणजे ३०० मीटर चढ असलेले २ किलोमीटर २४ मिनिटांचे नाही, तर ५४ मिनिटांचे झाले! हा हिशेब धडधाकट माणसाचा. गुडघे दुखणाऱ्या आजींचा वेगळा, पावसाळ्यातला आणखी वेगळा.

लोकसंख्येचा थरही खरा हवा. लवासा शहर कागदावर आखले गेले तेवढे प्रत्यक्षात वसले नाही. दासवे, मुगाव, धामणओहोळ येथे आज कोण राहते, किती मुले, किती ज्येष्ठ, हे गावात फिरूनच कळेल. त्यानंतरच कुठे वाचनालय आणि कुठे फिरती पुस्तकगाडी, हे ठरवता येईल.

डॉक्टरने यात का पडावे? एकटेपणाने खचलेले वृद्ध मी रोज पाहतो. गोळीबरोबर ‘वर्तमानपत्र वाचायला वाचनालयात जात जा’ असेही सांगावेसे वाटते. पण सांगण्याआधी ते त्यांच्या पायांच्या आवाक्यात आहे का, हे मला माहीत असायला हवे. पुढच्या ग्रामसभेत आपणही हा प्रश्न विचारा : आपल्या गावातून वाचनालय किती मिनिटांवर आहे?