अन्न असून उपासमार

घरांत धान्याचें कोठार भरलेलें असावें आणि त्याची किल्लीच हरवावी, म्हणजे कुटुंबाची जी अवस्था होईल, तीच कोंकणांतील कित्येक शेतांत पिकांची होते. शेतकरी पदरमोड करून खत घालतो, पाऊसहि दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो. तरी रोपें खुरटतात. असें कां व्हावें?

याचें कारण मातीच्या आम्लतेंत आहे. ती मोजण्याचें ‘पीएच्’ हें माप डेन्मार्कमधील रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनीं १९०९ सालीं ठरविलें. ७ हा अंक उदासीनतेचा, त्याखालीं आम्लता. अंक एकानें उतरला कीं आम्लता दहापट वाढते, हें ध्यानांत ठेवावें.

सह्याद्रीच्या पश्चिमेस मुसळधार पाऊस युगानुयुगें मातींतील चुना व मॅग्नेशियम धुऊन नेत आला आहे. मागें राहतात तीं लोह व ॲल्युमिनियम यांचीं संयुगें. जांभ्याची तांबडी माती ती हीच. तींत स्फुरद घातलें, तर हीं संयुगें त्यास असें जखडून ठेवतात कीं मुळांस तें घेतां येत नाहीं. अंक ५.५ च्या खालीं गेला म्हणजे ॲल्युमिनियम पाण्यांत विरघळून मुळांचीं टोंकें दुखावतें. मुळें आंखूड राहतात व पाणीहि पुरेसें शोषवत नाहीं.

मग भात तेथें चांगलें कसें पिकतें, अशी शंका सहज येईल. खाचरांत पाणी सांचलें म्हणजे कांहीं आठवड्यांत आम्लता आपोआप उतरते व बांधलेलें स्फुरद अंशतः मोकळें होतें. भातकापणीनंतर त्याच खाचरांत पेरलेल्या वालास मात्र हा लाभ मिळत नाहीं.

यावर उपाय चुन्याचा. चुनखडीची भुकटी पेरणीपूर्वीं कांहीं आठवडे मातींत मिसळावी. आपल्याकडील राबाच्या राखेंतहि चुना व पालाश असतेंच. परंतु चुना सैल हातानें घालूं नये. अंक ७ च्या वर गेल्यास लोह, जस्त व मँगनीज यांची टंचाई पडते. उलटपक्षीं, अमोनियम सल्फेट वर्षानुवर्षें घातल्यानें जमीन अधिकच आम्ल होते. इंग्लंडांत रोथॅमस्टेड येथें १८५६ सालीं सुरू झालेल्या गवताच्या प्रयोगांत हें स्पष्ट दिसून आलें आहे.

ज्यांची वडिलोपार्जित जमीन कोंकणांत आहे, अशा वाचकांनीं खताचें पोतें विकत घेण्यापूर्वीं शेतांतील आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करून तपासून घ्यावी. भुकेल्यास अन्न वाढण्याआधीं त्याचें तोंड उघडतें कीं नाहीं, हें पाहणें शहाणपणाचें नव्हे काय?